वासरपणीची गोळी

मेक्सिकोतल्या चिवावा गावी, गुरांच्या दवाखान्यात एउलालिया शेळीला घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची लेक. समोर लोखंडी खोड्यात त्यांचा वळू उभा.

"काय अंग भरलंय बघ! दोष गाईंतच असणार."

"एकोणीस गाई, बाबा. एकही गाभण नाही. सगळ्यांतच दोष?"

"मग यंदाचं ऊन बाधलं असेल."

"बाबा, कत्तलीच्या गोऱ्ह्यांना मी कानाच्या कातडीखाली वाढीच्या औषधाची गोळी बसवली होती ना, ती ह्यालाही घातली. ह्याला पैदाशीसाठी वगळ म्हणाला होतात तुम्ही. ध्यानातून गेलं माझ्या."

एउलालिया शेळीचे कान उगीचच कुरवाळू लागली.

"तीन वर्षं झाली, नीएवेस."

"रोज सांगणार होते. पण तो झपाट्याने वाढला, तुम्ही त्याला जत्रेत मिरवायला लागलात..."

"गप्प. डॉक्टर येतायत."

डॉक्टर हातमोजे काढत आले.

"एलिसेओ काका, वृषणांची वाढच झालेली नाही ह्याच्या. वीर्यात शुक्राणू नावापुरते, तेही जागचे हलत नाहीत. वासरपणी वाढीची गोळी घातली होती का?"

"हो. मीच घातली," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही? चाळीस वर्षं वळू सांभाळलेत, आणि पैदाशीच्या वासराला गोळी?"

"वय झालं, डॉक्टर. विसरलो."

"बाबा..."

"तू खोड्याचं दार उघड, पोरी."

"पुढच्या खेपेला हे काम लेकीवर सोपवा. ती लक्षपूर्वक करेल."

"तिच्यावरच सोपवणार आहे," म्हातारा म्हणाला.