इंदूचे पाय

माहेर माहं पारशिवनीकडचं, शिक्षण चौथीपर्यंत, अन् लग्न होऊन नागपूरले आली तवापासून शिलाई मशीनवरच बसून आहो. गांधीबागेच्या कापड बाजारातून कटिंग केलेले परकर यायचे, ते मी घरी शिवून द्यायची. माहे मालक, इंदूचे बाबा, तिथंच एका दुकानात कापडाचे थान उचलायचे. इंदू माही एकुलती एक पोरगी. लहानपनी तिले देवी आल्या अन् दोन्ही डोळे गेले.

आता काय सांगू तुम्हाले भाऊ, तिले शिकवलं कसं, तं असंच. पुस्तक मशीनले टेकवून ठेवायचं, एक ओळ वाचायची, एक शिलाई मारायची, पुन्हा ओळ. इंग्रजी मले येत नाही, ते शेजारच्या पोरी वाचून देत, मी नुसती मशीन चालवायची. इंदू बाजूले स्टुलावर बसून ऐके अन् पायडलवर माहे पाय चालले का तिचेही पाय खाली चालत. मशीन थांबली का तिचं पाठांतर थांबे. मले वाटे, पोरीचा खेळ आहे. कोनाले कल्पना होती, बाप्पा!

मॅट्रिकले बोर्डानं सांगितलं, इंदूनं बोलायचं अन् दुसरीनं लिहायचं, पन लिहिनारी खालच्या वर्गातली पायजे. मी म्हटलं, अवं माय, जिले येत नाही तिनं लिहायचं? हो म्हने, तोच नियम. मंग शेजारची मंदा, नववीतली, तयार झाली. पहिला पेपर मराठीचा, वेगळ्या खोलीत. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी. इंदू बाहेर आली तं चेहरा पांढराफटक. म्हने, आई, सारं होतं वं डोक्यात, कुठं गेलं समजलंच नाही. मंदा रडून राहिली होती. म्हने, मावशी, हिनं बेंचाखाली पाय हलवले तं सुपरवायझर बाई म्हने, खुना करून राहिली का, पाय बंद. पाय बंद झाले तशी इंदूही बंद झाली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? मी पोरीले उलटं शिकवलं का त्या बाईचं चुकलं? घरी येऊन मशीनवर बसली तं माहेच पाय उचलेना.

दुसऱ्या पेपरच्या आधी मी त्या शाळेच्या हेडमास्तरकडे गेली. म्हटलं, साहेब, पोरगी तोंडानंच तं सारं सांगून राहिली, मंग पायानं अजून काय सांगन? ते बसले डोकं खाजवत. म्हने, बाई, नियमात पायाचं काहीच नाही, हो म्हनू का नको म्हनू मलेच समजत नाही. मले असा राग आला! म्हटलं, लिहिलंच नाही तं चालू द्या न, काहून अडवता? मंग ते उठले, त्या खोलीत गेले अन् बाईले म्हने, हलवू द्या.

निकाल लागला तं गनितात पास, इंग्रजीत पास, मराठीत नापास. घरात दिवसभर बोलतो ती भाषा गेली अन् इंग्रजी निघाली! लोकं पेढे मागत, मी हसू का रडू? ऑक्टोबरले पुन्हा बसवली, तवा कुठं निघाली.

आता इंदू इथंच नागपुरात, सदर भागात एका हापिसात टेलिफोनवर आहे. हुशार ती होती, का मशीन होती, मले अजूनही काही उमगत नाही. माहे गुडघे गेले, परकर शिवनं बंद झालं. पन संध्याकाळी हापिसातून आली का ती स्टूल ओढते अन् म्हनते, आई, चालव न जराशी, नवे नंबर पाठ करायचे आहे. कपडा नाही, दोरा नाही, गुडघे कुरकुरतात, तरी मी चालवतो. देव तिचे पाय असेच चालते ठेवो.