तिच्या बाजूची ताटली

(दुपार. स्वयंपाकघरात टेबलावर फोन, स्पीकर चालू. पलीकडे मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. घरात सगळ्यांची बेबी.)

भावोजी : ...आणि चिकनचा पीस तेलात सोडला रे सोडला की अंगातला कोट काढून ठेवल्यासारखं! चिकन एकीकडे, पावाचा चुरा दुसरीकडे!

बेबी : थांबा, थांबा. भावोजी, तुम्ही आणि तळताय? आधी गॅस बंद करा बघू.

भावोजी : केला. संध्याकाळी पोरं यायचीत गं. मुलगा म्हणत होता, "बाबा, उगाच त्रास घेऊ नका, हॉटेलातच भेटू." मागच्या वेळीही हॉटेलच. नातीनं खाल्लं, हात पुसले, गाडीत बसून गेली. मी एकटा घरी आलो तर घर खायला उठलं. म्हणून या वेळी म्हटलं, घरी या. आजीसारखं चिकन करतो.

बेबी : बढाई मारून बसलात म्हणजे.

भावोजी : बढाई कसली? मला वाटलं, येतंच की. इतकी वर्षं दोघांनी मिळून केलंय.

बेबी : मिळून? ताई करायची आणि तुम्ही ऐटीत खुर्चीवर बसायचात. मी पाहिलंय.

भावोजी : ए बाई, तोंड सांभाळ. चुऱ्याचं खातं माझं होतं. पाव वाळवायचा मी, कुस्करायचा मी. ती अंड्यात बुडवलेला पीस माझ्या ताटलीत टाकायची, मी घोळवायचो, थापायचो, बाजूला लावायचो. तिचा हात ओला, माझा कोरडा. ठरलेलं.

बेबी : आणि आता?

भावोजी : आता दोन्ही हात माझेच. चिकनपेक्षा बोटांनाच जास्त चुरा बसलाय. तळायचीच तर बोटं तळावीत.

बेबी : अगं आई गं! हसवू नका हो. बरं, मैदा लावलात ना आधी?

भावोजी : मैदा? मैदा कुठून आला?

बेबी : अहो, पीस पुसून कोरडे करायचे, मैद्यात घोळवायचे, मग अंडं, मग तुमचा तो चुरा. मैदा नसला तर अंडं धरत नाही. अंडंच धरलं नाही तर चुरा कसला धरतोय?

भावोजी : छे, छे. दोनच ताटल्या असायच्या. एक अंड्याची, एक माझी.

बेबी : तीन. मैद्याची तिच्या बाजूला, अंड्याच्या भांड्याआड. तुमच्या खुर्चीवरून दिसत नसणार.

भावोजी : इतकी वर्षं समोर बसलो गं. उठून एकदा पाहिलं नाही, तिच्या बाजूला काय आहे ते.

बेबी : त्यात काय एवढं. तीही कुठे सांगायची? सगळं स्वतःच करायची हौस.

भावोजी : दवाखान्यात मी तिला विचारलं, किल्ल्या कुठे, गॅसवाल्याचा नंबर कुठे. हे विचारायचं सुचलंच नाही.

बेबी : मी येते. आत्ता निघते. ओला हात माझा.

भावोजी : नको.

बेबी : का? एवढी परकी झाले होय मी?

भावोजी : तसं नाही गं बेबी. आज तू येशील, पण पुढच्या वेळी? मला एकट्याला आलं नाही तर पुन्हा हॉटेल. आणि एकदा हॉटेलच ठरलं की या दारात कोण कशाला पाऊल टाकेल?

बेबी : बरं बाई, नाही येत. मैदा वरच्या फळीवर असेल, निळ्या डब्यात. आणि ऐका, डाव्या हातानं कोरडं, उजव्यानं ओलं. बसल्या जागी होतं.

भावोजी : आहे, सापडला डबा. पण ते डावं-उजवं माझ्या बापाला जमायचं नाही. मी आपला तिच्या बाजूला उभा राहतो, थोडे पीस मैद्यातून, अंड्यातून काढून चुऱ्यात सोडतो. मग हात धुतो आणि माझ्या खुर्चीत येतो.

बेबी : टेबलाभोवती येरझाऱ्या घालणार?

भावोजी : घालतो. मला दुसरं काम काय आहे?

बेबी : कमाल आहे तुमची. करा, गॅस लावा आणि एक तळून बघा. मी आहे.

भावोजी : ...सोडला तेलात. ...अगं, धरला! जागचा हलत नाही चुरा!

बेबी : सुटले बाई मी! खाऊन सांगा.

भावोजी : हा... हा... भाजलं तोंड. मीठ जरा कमी, पण तिचंच आहे.

बेबी : मग झालं की! मीठ वाढवा जरा. आणि नात आली की बसवा तिला त्या बाजूला. शिकेल.

भावोजी : येऊ दे तर आधी.

बेबी : येईल हो. ऐकतेय मी, दोन-तीन फेऱ्या झाल्या तुमच्या. चला, ठेवू फोन?

भावोजी : ठेव. ...नको, थांब. एक चूक होतेय सारखी.

बेबी : आता काय राहिलं?

भावोजी : माझ्या खुर्चीत बसलो, चुऱ्यातले पीस घोळवून संपले, की उठून पलीकडे जायचं असतं ना? मी उठतच नाही. रिकामी ताटली पुढे करून बसून राहतो.

बेबी : भावोजी...

भावोजी : तू काही बोलू नकोस. हे काम करताना तीही बोलायची नाही. नुसता फोन चालू ठेव.