टेकडीवरचे अडतीस

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघे जण सलाईनची वाट बघत होते. एकाच्या बुटांना डांबर चिकटलेलं, दुसऱ्याच्या गळ्यात वेधशाळेचं ओळखपत्र.

“म्हणजे शहराचं तापमान रोज तुम्हीच लिहिता, साहेब?”

“वीस वर्षं झाली.”

“मग एकदा तरी चाळीस लिहा की! चाळीस झाल्याशिवाय मुकादम दुपारचं काम थांबवत नाही. आज रस्त्यावर दोघे आडवे झालो.”

“अहो, आमच्याकडे अडतीसच भरतं. वेधशाळा टेकडीवर. उंची आहे, वारा आहे, भोवती झाडं आहेत.”

“आमच्याकडे खाली तापलेलं डांबर, दोन्हीकडे भिंती आणि एसीची गरम हवा थेट तोंडावर.”

“खरंय. पण शहराचा आकडा एकच असतो.”

“तोही टेकडीवरचा!”

“वीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिलेला नाही.”

“तसं कुठं म्हणतोय मी? बरं, तुम्हाला काय झालं?”

“काही नाही हो. चष्म्याचा नंबर तपासायला खाली उतरलो, तर चौकातच भोवळ आली. डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं.”

“अडतीसला?”

“तेच तर! अडतीसला कुठं ऊन लागतं? पित्त असणार.”