जावळासाठी दाढीचं यंत्र

जुन्या जालन्यात, जुगलकिशोरशेठच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेत माझ्यापुढं केदारखेड्याचे म्हातारे न्हावी पुंजाराम उभे होते.

“शेठ, या दोन दाढीच्या यंत्रांत फरक काय?”

“हे अस्सल विलायती, जन्मभर टिकेल, पण एकाच मापाचं. ही स्वस्तातली नक्कल. पण मूठ फिरवली की पातं कमी-जास्त बाहेर येतं.”

“मंग नक्कल द्या.”

“तुमचा वस्तरा गावात नावाजलेला. हे कशाला?”

“हात थरथरून राह्यलाय. उद्या रामरावाच्या नातवाचं जावळ काढायचंय. रामरावाचं बी मीच काढलं होतं. न्हाई म्हनवत न्हाई.”

“बसा. पातं अगदी कमी काढतो. आधी माझ्या गालावर चालवा.”

“गाल राठ हाये तुमचा. कानामागं चालवतो, तिथं तान्ह्यासारखं मऊ असतं. हलू नका.”

“मी नाही हलत. तुम्ही चालवा.”