सरांच्या गाडीला नवी किल्ली करून दिल्याबाबत

जबाब देणार: बाजारात ‘वक्ते’ म्हणून ओळखला जाणारा इसम, वय बासष्ट, धंदा कुलूप-किल्लीची कामे, किल्ली कारागिरांच्या संघटनेचा अध्यक्ष, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

पोलीस ठाण्यातल्या मंडळींनो, तुमची आणि आम्हा किल्लीवाल्यांची तक्रार एकच आहे. लोक आपल्याकडे अर्धी हकिगत घेऊन येतात आणि मदत मात्र पूर्ण मागतात. एवढे वाक्य आधी लिहून घ्यावे असा मी आग्रह धरला. जमादार म्हणाले, “वक्ते, इथं माईक नाही. घडलं तेवढं सांगा.” तरी त्यांनी ते लिहून घेतले. आता समक्ष हजर राहून सांगतो, ते असे.

आज सकाळी दुकान उघडल्यावर मला ड्रायव्हिंगवाल्या सरांचा फोन आला. सरांना मी चाळीस वर्षे ओळखतो. या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आहे, त्यात मीही आहे. त्यांचे शिकवणीचे दुकान बंद होऊन बराच काळ झाला. ते मुलीकडे राहतात. फोनवर ते म्हणाले, “अरे, गाडीच्या किल्ल्या सापडत नाहीत. दोन्ही. तू ये, नवी करून दे.”

मी हत्यारांची पेटी घेऊन टेम्पोने त्यांच्या घरी गेलो. मुलगी कामावर गेली होती. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. गाडी जुनी, मलईच्या रंगाची, शिकवणीचीच. तिला पुढे दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या.

गाडीची किल्ली हरवली असे कुणी म्हटले, की आमच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे आधी कागद पाहायचे. मी ते पाहिले. गाडी सरांच्याच नावावर आहे. ओळखपत्र पाहिले, फोटो जुळला. नियमात चूक झालेली नाही.

अलीकडच्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. कंपनीच्या यंत्राला विचारल्याशिवाय ती गाडी जागची हलत नाही. जुनी गाडी कुणालाच काही विचारत नाही. दाते जुळले की चालू होते. त्यामुळे जे विचारायचे ते किल्ली करणाऱ्याने विचारायचे असते. हे मी संघटनेच्या सभेत नव्या कारागिरांना नेहमी सांगतो.

दाराच्या कुलपावरून किल्ली केली. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करतात, कुलपात घालून फिरवतात आणि काजळीवर जिथे खूण उमटेल तिथे कानस मारतात. काम सावकाशीचे आहे. तेवढा वेळ सर पायरीवर बसून माझ्याशी बोलत होते. मी त्यांच्याकडे शिकताना शिकवणीच्या दुकानाच्या भिंतीवर गाडी कशी घातली, हे त्यांनी सांगितले. मग पुन्हा सांगितले. दोन्ही वेळा मी हसलो. या गाड्यांना दार आणि इंजिन यांची किल्ली एकच असते, ती दोन्हीकडे लागली. बॅटरी बसलेली होती, म्हणून माझ्या टेम्पोच्या बॅटरीला केबल जोडली. सरांनी गाडी चालू करून पाहिली. मी किल्ली त्यांच्या स्वाधीन केली आणि निघालो.

चौकात सरांची गाडी माझ्या मागून आली आणि पुढे गेली. सर एकटे होते. वळताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून पूर्वीसारखा इशारा केला. आता असा हात कुणी करत नाही. गाडी सुरेख चालली होती. मला बरे वाटले.

दुपारी सरांच्या मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, ओरडत होती. सर घरी नाहीत, गाडी नाही, त्यांचा मोबाइल पायरीवर पडलेला आहे. त्यावरचा शेवटचा नंबर माझा होता, म्हणून तिने मला फोन केला. मी थेट ठाण्यात आलो. ती माझ्या आधी येऊन बसली होती. आमच्यात झालेले बोलणे जमादारांच्या समोर झाले, ते असे.

ती म्हणाली, “काका, किल्ल्या हरवल्या नव्हत्या. मी पिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या.”

मी म्हणालो, “ताई, गाडी ते अजून झकास चालवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“चालवतात हो. कोण नाही म्हणतंय? चालवायचं ते विसरलेच नाहीत. घर विसरतात. मागच्या खेपेला दुसऱ्या गावच्या बसथांब्यावर सापडले, तेही पायी गेले होते. आता तुम्ही त्यांना चाकं दिलीत.”

मी सांगितले, की कागद बरोबर होते आणि गाडी त्यांचीच आहे. त्यावर ती म्हणाली, “सभेत तासभर बोलता. मला एक फोन करायला जीभ झिजली असती तुमची?”



मग तिने विचारले, “गाडी चालू केली तेव्हा क्लचवर पाय थरथरला का त्यांचा? डावा? औषध घेतलं नसेल तर थरथरतो. तेवढंच सांगा, म्हणजे कळेल सकाळची गोळी पोटात गेली की नाही.”

मला सांगता आले नाही. जमादारांनी लिहायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. म्हणून वर जे सांगितले त्यात दुरुस्ती करतो.

गाडी सरांनी चालू केली नाही. मी केली. आमच्या धंद्यात रिवाज आहे, की मालकाने स्वतः बसून गाडी चालू केल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण बापाकडून आलेला आहे. मालक आपल्या गाडीत कसा बसतो, हात कुठे नेतो, यावरून खरा-खोटा कळतो. त्याप्रमाणे मी सरांना म्हणालो, “बसा सर, चालू करा.” सर गाडीला वळसा घालून गेले आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले. पाय तिथल्या ब्रेकवर ठेवला. मला म्हणाले, “आरशात बघ. गिअर काढलायस का? चल, स्टार्ट कर.”

मला वाटले, थट्टा करतात. मी स्टिअरिंगवर बसलो. चाळीस वर्षांपूर्वी बसायचो तसा पाठ ताठ करून बसलो. गाडी चालू केली. सर म्हणाले, “शाब्बास. आज भिंत वाचली.” आम्ही दोघेही हसलो. मी उतरलो. इंजिन चालूच ठेवले, कारण बंद केले असते तर बॅटरीने पुन्हा दगा दिला असता. सरही उतरले. त्यांनी फाटकाकडे पाहिले आणि म्हणाले, “पुढचा विद्यार्थी आला नाही अजून. मीच घेऊन येतो त्याला.”

हे मी ऐकले. नीट ऐकले. कोणता विद्यार्थी, कुठला, हे मी विचारले नाही.

जमादारांनी विचारले, की एवढे कानावर पडूनही मी फाटक का उघडले. फाटक मीच उघडले, हे खरे आहे. त्याचे कारण सांगतो.

किल्ल्या हरवलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत, हे मला काम चालू असतानाच कळले होते. सर पायरीवरून म्हणाले होते, “घरचे म्हणतात हरवल्या. दोन्ही एकदम कशा रे हरवतील? मी काय लहान आहे?” माझ्या मुलाने अलीकडे माझ्या स्कूटरची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली आहे. माझे डोळे पूर्वीसारखे नाहीत असे त्याचे म्हणणे. त्यावरून मी घरात आवाज चढवला होता. म्हाताऱ्या माणसाची वस्तू त्याला न विचारता काढून घेणे ही चोरी आहे, असे माझे मत आहे. मी कायद्याची पुस्तके वाचलेली आहेत आणि हे मत मी भर सभेत मांडलेले आहे. “आम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही. कागद पाहतो, कुलूप उघडतो.” या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. सकाळी सरांच्या अंगणात मी तेच वाक्य मनात म्हणत होतो. सरांच्या तोंडाकडे पाहत नव्हतो. मला त्यांच्या मुलीशी भांडण जिंकायचे होते. ती तिथे नव्हती. माझा मुलगाही तिथे नव्हता. तिथे फक्त सर होते.

कागद खरे होते, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. परंतु कागद पाहायचे ते चोर ओळखण्यासाठी. सर चोर नाहीत हे मला मुळातच ठाऊक होते. मग मी ते कशासाठी पाहिले?

जमादार म्हणाले, की शिकवणीच्या जुन्या रस्त्यावर, मैदानाकडे आणि पाण्याच्या टाकीकडे माणसे पाठवली आहेत. तिथे गाडी नाही. विद्यार्थ्याचे घर शोधावे, तर सरांनी हजारोंना शिकवले आहे आणि त्यातला कोणता त्यांच्या मनात आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. मुलगी म्हणाली, “रस्ता संपेपर्यंत जातील ते. थांबायचं कुणी सांगायला हवं ना.”

त्यावर मी माझ्या धंद्याच्या माहितीवरून सांगतो, की ते फार लांब जाऊ शकत नाहीत. या जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीचे झाकण वेगळ्या किल्लीचे असते. ती किल्ली मी केलेली नाही. ते कुलूप गंजले होते, म्हणून ‘उद्या येतो’ म्हणालो होतो. गाडी चालू केली तेव्हा पेट्रोलचा काटा पाव टाकीच्याही खाली होता, हे मी स्वतः पाहिले. म्हणजे सर कुठल्या तरी पंपावर जाऊन उभे राहतील किंवा राहिलेही असतील. झाकण उघडणार नाही. पंपावरचा माणूस भला असेल. समोर पांढऱ्या केसांचा, नीट बोलणारा माणूस. गाडी त्याची, कागद त्याचे. तो म्हणेल, ‘थांबा आजोबा, करतो काहीतरी.’ पेचकसाने झाकण उचकटेल, टाकी भरून देईल आणि हात हलवून निरोप देईल. मीही सकाळी हेच केले.

माझ्या संघटनेतल्या प्रत्येक कारागिराला मी इथूनच फोन केले आहेत, की अशी गाडी आली तर हत्यार लावू नका. पंपवाले माझे ऐकणार नाहीत. ठाण्याचे ऐकतील.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दुरुस्तीच्या आधी सांगितलेला खोटा भाग खोडू नये, तसाच ठेवावा, असे मी सांगितले व तसा तो ठेवला आहे. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. जमादारसाहेब, माझी सही कुठे पळत नाही. आधी फोन उचला आणि गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरच्या प्रत्येक पंपाला सांगा: मलईच्या रंगाच्या जुन्या गाडीतून आलेल्या गृहस्थांच्या टाकीचे झाकण कुणीही उघडून देऊ नका. त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या, आणि विचारा, “सर, मला शिकवाल का?” म्हणजे ते बसतील.