कुत्री वेगळी, दफनभूमी वेगळी

ग्रॅम : नाही म्हणजे? मी साहेब आहे इथला, टॅम्झिन. 'नाही' मी म्हणायचं असतं.

टॅम्झिन : मग तूही म्हण. दोघं मिळून म्हणू.

ग्रॅम : चार वाजता रिलीज आहे, नवा कोड लोकांसमोर जाणार. त्याच्या आत नगरपालिकेची वेबसाइट होती तशी झाली पाहिजे. कुत्र्यांची नोंदणी, दफनभूमी, तरणतलाव, कचऱ्याचे डबे, तू वेगवेगळा केलेला सगळा कोड परत माझ्या 'कॉमन' फोल्डरमध्ये. चौदा वर्षं तिथं सुखानं नांदलाय तो.

टॅम्झिन : सुखानं? गेल्या महिन्यात मी कुत्र्यांच्या पत्रातलं एक वाक्य बदललं. दुसऱ्या दिवशी दफनभूमीतल्या त्र्याण्णव जणांच्या नावानं घरी पत्रं गेली, की सार्वजनिक ठिकाणी पट्टा बांधूनच फिरावं.

ग्रॅम : फोन एकच आला. एका बाईचा. तीही तक्रार नव्हती. म्हणाली, नवऱ्याला हे तुम्ही तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

टॅम्झिन : मयत कुत्री आणि मयत माणसं तुझ्याकडे एकाच फाइलीत, म्हणून झालं ते. आणि तरणतलावाच्या अर्जानं एका आजीबाईंना मायक्रोचिपचा नंबर विचारला, कुत्र्यांच्या कातडीखाली बसवतात त्या चिपचा. त्यांनी खुब्यातल्या नव्या सांध्याचा टाकला.

ग्रॅम : कोडनं घेतला ना? म्हणजे चालतोय.

टॅम्झिन : ग्रॅम, ऑफिसच्या फ्रिजमध्ये तू दह्याच्या डब्यावर नाव लिहितोस. झाकणावर लिहितोस. चमच्यावरसुद्धा लिहितोस.

ग्रॅम : नाहीतर ऑफिसातली नोलीन खाते.

टॅम्झिन : तेच म्हणतेय मी! आता प्रत्येक कामाचं आपलं मॉड्यूल आहे, म्हणजे कोडची वेगळी खोली, त्याला एकच दार आहे. दफनभूमीला कुत्र्यांकडून काही हवं असेल तर दार वाजवून मागायचं. खिडकीतून हात घालायचा नाही.

ग्रॅम : होबार्ट शहरातून दुसरा माणूस आणता येतो मला.

टॅम्झिन : आण. पुढचं पत्र गेलं की त्या बाईंशी तोच बोलेल.

ग्रॅम : जूनमध्ये तुझं कंत्राट संपतंय. पुढच्या कागदावर माझी सही लागते.

टॅम्झिन : माहीत आहे. नको करूस. खुर्चीसकट उचलून पार्किंगमध्ये नेऊन ठेव, तिथंही नाहीच म्हणेन. फारच वाटत असेल तर तुझ्या हातानं फिरव मागे. हे बटण. मी इथं उभी राहून चहा पिते.

(ग्रॅम बटणावर बोट ठेवतो. दाबत नाही.)

टॅम्झिन : दाब ना. चहा निवतोय.

ग्रॅम : कॉमनमध्ये एक ओळ होती.

टॅम्झिन : साडेअकरा हजार होत्या.

ग्रॅम : एक. मयतांच्या फाइलीत. अगदी तळाशी.

टॅम्झिन : 'नोंद क्रमांक ४४७१ कधीही मयत धरू नये.' बिस्किट, बॉर्डर कॉली, मालक तू. सहा वर्षांपूर्वी गेली, तरी दर जुलैला तुला तिच्या नोंदणीचं पत्र येतं.

ग्रॅम : पुसलीस?

टॅम्झिन : कुत्र्यांच्या मॉड्यूलमध्ये ती बसेना. तिथं सगळ्यांना नियम सारखे. दफनभूमीत तर नाहीच बसली.

ग्रॅम : पुसलीस का, एवढंच विचारतोय मी.

टॅम्झिन : तिला स्वतःचं मॉड्यूल दिलंय. एक ओळ, एक दार. आता कोणी पट्ट्याचं वाक्य बदलो नाहीतर डबे उचलायचा वार, तिला धक्का लागत नाही. तुझ्या फोल्डरमध्ये राहिली असती तर कधीतरी पुसलीच गेली असती ती. बहुतेक माझ्याच हातून, आणि मला कळलंही नसतं. म्हणून म्हणते, मागे फिरवणार नाही.

ग्रॅम : चारला हेच जाऊ दे.

टॅम्झिन : जाणारच होतं.

ग्रॅम : तिची टेस्ट लिहिलीस?

टॅम्झिन : एकच. ती रोज सकाळी आपोआप कोडला विचारते, बिस्किट आहे का.

ग्रॅम : मग?

टॅम्झिन : रोज पास होते.