फुलवंताच्या तापातली माय

नाही माय, तिले दटावू नोका. आजच हळद लागली पोरीले. खोटं नाही बोलून राहिली थे — तिले तसंच आठवते. मानमोडीच्या साथीत ताप आला तवा माय उशाशी बसली होती, कपाळावर ओली पट्टी ठेवे, हिरव्या बांगड्या वाजत — सारं दिसते तिले. तुमचा जीव कळवळला, समजते मले. फुलवंता रांगत होती तवाच तिची माय, तुमची लेक, गेली, तुम्ही केशोरीहून धावत आल्या होत्या, अन् मानमोडी आली मी या घरात दुसरेपणावर आल्यावर. मंग उशाशी कोण होतं म्हणता? मीच होती, माय. बांगड्याही माह्याच, लग्नातल्या.

काऊन झालं असं? दयेपोटी झालं. ताप उतरल्यावर पोरगी पुसे, माह्यापाशी कोण होती वो? शेजारची सुशीलाबाई म्हणाली, "तुही मायच आली होती, बाई." बिनमायचं लेकरू, बरं वाटावं म्हणून. मंग येईल तो पुसे — माय आली होती ना? पट्टी ठेवे ना? — पोरगी हो म्हणे. हो म्हणता म्हणता तिले दिसाले लागलं. लेकराले काय आठवते थे आधी पुसावं, माय, अन् आपण गप राहावं. आपण बोललो का आपलं बोलणंच त्याले आठवते. हे मले उशिरा समजलं. मंग म्हटलं, राहू दे, तिची माय तिच्यापाशी राहू दे. मी? मी आठवतो तिले चुलीपाशी, रागावलेली.

माहा तान्हा होता तवा — तुमाले कोणी सांगितलं नाही? पलीकडच्या खोलीत, सासूपाशी. त्यालेही ताप. फुलवंताचे बाप म्हणाले, "तू बिनमायच्या पोरीले पाह्य, त्याले आई पाहते." मी इकडेच बसली. हिचा ताप उतरला अन् तिकून सासूनं हाक मारली. गेली तं अंग गार.

आता काय होते, माय — पोरीनं इतक्या खेपा सांगितलं का मलेही तसंच दिसाले लागलं. उशाशी तुमचीच लेक बसली आहे, अन् मी पलीकडे, माहा तान्हा मांडीवर. त्यानं डोळे मिटले तवा मी होती त्याच्यापाशी. होती ना? — नाही. नव्हती. रोज उठून स्वतःले सांगतो, नव्हती.

आली पाहा. ये वो बाई, बस आजीपाशी, सांग तिले मायचं — तुम्ही ऐका, माय. मले भात पाहाचा आहे.